धाब्यापासून सिमेंटच्या पत्र्यापर्यंत
नेवाशाच्या छपरांचा इतिहास व एका गळक्या शेडची दुरुस्ती

ज्युबिलीच्या पुस्तिकेत साधारणतः देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा, वेदीचा आणि ज्या धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी येथे श्रम केले त्यांचा वृत्तान्त येतो, व तो येणे योग्यच आहे. परंतु ज्याच्या खाली बसून आपण हे सर्व केले, त्या छपराविषयी लिहिण्याची आठवण सहसा कोणास होत नाही. झालीच तर पावसाच्या दिवशी, डोक्यावर थेंब पडला म्हणजे होते. आम्हांसही ती तशीच झाली.

आमच्या आवारात सिमेंटच्या पत्र्यांची एक जुनी शेड आहे. तिच्यात मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, लग्नाच्या पंगती उठतात, आणि ज्याच्या घरी जागा अपुरी त्याच्या दुःखाच्या दिवशी जमलेली माणसे तिच्यातच टेकतात. काही पावसाळ्यांपासून ती गळू लागली. बादल्या मांडून झाल्या, ताडपत्री घालून झाली. अखेर ती नीट दुरुस्त करण्याचे ठरले. हे काम हाती घेताना या गावची छपरे पूर्वी कशी होती, ती कोण व केव्हा दुरुस्त करी, आणि हा सिमेंटचा पत्रा आपल्याकडे आला कोठून, याचा आम्ही शोध घेतला. त्यात जे कळले ते आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक घरास उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

खांब राहिला, छप्पर गेले

नेवासे हे प्रवरेच्या काठचे फार पुरातन गाव. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये श्रीज्ञानेश्वरांनी ज्या खांबास टेकून गीतेवरील आपली टीका सांगितली अशी परंपरा आहे, तो ‘पैसाचा खांब’ येथे अद्याप उभा आहे. ज्या देवालयाचा तो खांब, त्याचे छत मात्र केव्हाच नाहीसे झाले. पुढील लोकांनी त्या एका खांबासाठी नवे मंदिर बांधले व त्याच्यावर पुन्हा छप्पर घातले.

त्याहून मागे जाऊ म्हटले तरी हाच अनुभव येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या वर्षांत नेवाशास उत्खनन केले. अश्मयुगातील दगडी हत्यारांपासून मध्ययुगापर्यंत मानवाच्या वावराच्या खुणा येथे मिळाल्या, आणि त्या उत्खननाने नेवाशाचे नाव जगभरच्या पुराणवस्तुशास्त्रज्ञांस ठाऊक झाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या थरांत मातीची भांडी सापडली, मणी सापडले, सारवलेल्या जमिनी सापडल्या. छप्पर सापडत नाही. लाकडी खांब रोवल्याच्या खळग्यांवरून ते कसे असेल याचा केवळ तर्क करावा लागतो. घराचा सर्वांत आधी नाश पावणारा भाग छप्पर. म्हणूनच ज्याची दरसाल काळजी घ्यावी लागते तो भागही तोच.

पांढरीच्या मातीचे धाबे

आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. कोकणासारखा पाऊस येथे कोसळत नाही, म्हणून येथील जुनी घरे सपाट छपराची असत. त्यास कोणी धाबे म्हणत, कोणी माळवद. भिंतींवर तुळया, तुळयांवर आडवी बारीक लाकडे, त्यांवर काटक्या व पाला, आणि सर्वांवर चोपून बसविलेला मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. ही माती शेतातली काळी चालत नसे, कारण काळी माती वाळली की भेगाळते. त्यासाठी ‘पांढरी’ची माती आणीत. पांढरी म्हणजे जुने गावठाण. शतकानुशतके पडलेल्या घरांची माती आणि चुलींची राख मिसळून झालेली ती राखी, पांढुरकी माती छपरावर चांगली बसे व पाण्यास वाट देत नसे. एका पिढीचे पडलेले घर अशा रीतीने दुसऱ्या पिढीचे छप्पर होई. याच खणतीने जुनी टेकाडे नष्ट झाली म्हणून पुराणवस्तुशास्त्रज्ञ हळहळतात, व ते खरे आहे. परंतु कोरडे घर हवे असलेल्या कुणब्यास त्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

धाब्याची डागडुजी मृग नक्षत्रापूर्वी होई. गडीमाणसे माती वाहून आणीत, ती पसरून चोपणीने बसवीत, पाणी जाण्याचा उतार नीट करीत. पावसाळ्यात त्यावर गवत उगवे आणि उन्हाळ्यापूर्वीच करपून जाई. स्तोत्रकर्त्याने घराच्या धाब्यावरील गवताची उपमा कोठून घेतली, हे आपल्या आजोबांस समजावून सांगावे लागत नसे.

पक्षाघाती मनुष्यास चौघांनी छपरातून खाली सोडल्याची कथाही तशीच. संत मार्क यांच्या शुभवर्तमानात त्या चौघांनी छप्पर उकरले असे आहे. संत लूक यांच्यात त्यांनी कौलांतून वाट काढली असे आहे. परदेशांतील वाचकास हा भेद गूढ वाटतो. माळवद आणि कौल ही दोन्ही पाहिलेल्या नेवाशाच्या माणसास एकाने मातीचे छप्पर डोळ्यांपुढे आणले आणि दुसऱ्याने कौलाचे, हे ऐकताक्षणी उमजते. आणखी एक गोष्ट त्यास उमजते, ती ही की त्या दिवसानंतर कोणास तरी ते छप्पर पुन्हा बुजवावे लागले असेल.

धाब्याला लागणारे लाकूड ज्यास परवडत नसे, तो गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर शाकारी. ते स्वस्त व थंड. पण चुलीची एक ठिणगी पुरे. पुढे मंगलोरी कौल आले. त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास काढला. नागमोडी लोखंडी पत्र्याचा शोध त्याआधीचा. हेन्री रॉबिन्सन पामर याने लंडनमध्ये १८२९ साली त्याचे पेटंट घेतले होते. कौल माकडांच्या उड्यांनी सरके व फुटे. लोखंडी पत्रा उन्हाने तापे, पावसात ढोलासारखा वाजे व कालांतराने गंजे. दोन्ही वेळी दुरुस्तीस माणूस लागेच. १८८६ साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली व १९८७ साली त्यातून आपला नाशिक धर्मप्रांत निराळा झाला. या शंभर वर्षांत आपल्या जिल्ह्यातील शाळांवर, घरांवर व प्रार्थनेच्या जागांवर ही सर्व छपरे येऊन गेली. त्यांतले शेवटचे आले ते सिमेंटच्या पत्र्याचे.

‘शाश्वत’ म्हणविलेला पत्रा

ज्यास आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात; वजनाने सुमारे दहावा हिस्सा. ‘ॲस्बेस्टॉस’ हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘न विझणारा’ असा आहे. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण हा शब्द मूळ ग्रीक शुभवर्तमानात आला आहे. स्नानकर्ता योहान ज्या न विझणाऱ्या अग्नीची सूचना देतो, त्यासाठी तेथे हेच विशेषण योजलेले आहे. पुढे तेच नाव अग्नीत न जळणाऱ्या या तंतुमय खनिजास मिळाले.

लुडविग हाट्शेक या ऑस्ट्रियातील कारखानदाराने १९०० च्या सुमारास, पुठ्ठा करण्याच्या यंत्रासारख्याच यंत्रावर सिमेंट व ॲस्बेस्टॉस यांचा ओला लगदा थरावर थर चढवून पातळ पण बळकट तक्ते काढण्याची युक्ती शोधली. त्याने त्यास ‘एटर्निट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेतील ‘शाश्वतता’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतलेले आहे. हा पत्रा गंजत नाही, जळत नाही, त्यास वाळवी लागत नाही, लोखंडी पत्र्याहून तो कमी तापतो व कमी वाजतो. भारतात १९३४ साली त्याची कंपनी स्थापन झाली व मध्य प्रदेशातील कैमोर येथे कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत लोखंड दुर्मिळ व नियंत्रित असताना हा पत्रा शाळांवर, गोदामांवर, बाजाराच्या ओट्यांवर आणि आमच्यासारख्यांच्या शेडवर चढला. दरसालच्या मातीपासून व शाकारणीपासून लोकांची सुटका झाली. गरिबाच्या डोक्यावर पक्के छप्पर आले, हे त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि या उपकाराची किंमत कोणी तरी भरीत होते. हे तंतू केसाहून कितीतरी बारीक. हवेत उडाले म्हणजे डोळ्यांस दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुप्फुसात गेले म्हणजे तेथेच रुततात, आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी फुप्फुस आक्रसण्याचा रोग किंवा कर्करोग उत्पन्न करतात. इंग्लंडमधील रॉचडेल येथील गिरणीत ॲस्बेस्टॉसचे सूत काढणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ साली याच रोगाने मरण पावली. १९३० साली ब्रिटिश सरकारपुढे मेरेवेदर व प्राइस यांचा अहवाल आला. त्यात या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात हे स्पष्ट दाखविले होते, आणि पुढच्याच वर्षी तेथे धुळीविषयी नियम झाले. म्हणजे आपल्या देशात पत्र्याची कंपनी निघाली, त्यापूर्वी चार वर्षे ही गोष्ट कागदावर आलेली होती. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी व १९६० साली वॅगनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी या धुळीचा संबंध दाखवून दिला.

उत्तर इटलीत कासाले मॉन्फेर्रातो नावाचे गाव आहे. तेथे ‘एटर्निट’चा कारखाना १९०७ पासून १९८६ पर्यंत चालला. त्या गावात केवळ कामगारच मेले असे नव्हे. ज्यांनी कामगारांचे कपडे घरी धुतले त्या त्यांच्या बायका मेल्या, आणि ज्यांनी कारखान्यात कधी पाऊलही टाकले नव्हते असे शेजारीही मेले. कारखाना बंद झाल्यानंतर कित्येक वर्षे तेथे हे मृत्यू होत राहिले. इटलीने १९९२ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ग्राहकसंस्थेच्या अर्जावर निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले, आणि या धंद्यातील प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. तरीही पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे करण्यास व वापरण्यास आपल्या देशात अद्याप पूर्ण बंदी नाही.

आमची चूक

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. शेड प्रथम गळू लागली त्या उन्हाळ्यात आम्ही धर्मग्रामातील तरुण मुलांस हाक दिली. मुले उत्साहाची. रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती शिडी लावून वर चढली, तारेच्या ब्रशांनी पत्र्यावरचे वाळलेले शेवाळ खरवडले, कोरड्या झाडूने झाडले, एका पत्र्याचा तुटका कोपरा करवतीने कापला, आणि भोकांवर डांबर फासले. खाली करड्या धुळीचा लोट उतरत होता. आम्ही त्याखाली उभे राहून त्यांस चहा दिला व त्यांचे कौतुक केले. संध्याकाळी ती मुले तेच कपडे अंगावर घेऊन आपापल्या घरी गेली, आणि ते कपडे त्यांच्या आयांनी धुतले.

एका दिवसाच्या धुळीने कोणास काय होईल हे सांगता येत नाही. कदाचित काहीच होणार नाही, व तसेच व्हावे ही आमची प्रार्थना आहे. परंतु जे करू नये तेवढे नेमके आम्ही त्या दिवशी करविले, आणि तेही सेवा म्हणून करविले. शिवाय एका मुलाचा पाय दोन आडव्या अँगलांच्या मध्ये पडून पत्रा कडाडला. तो वाचला हे केवळ दैव. अशा जुन्या पत्र्यावरून आरपार खाली पडून माणसे जिवास मुकतात. इतके करून पहिल्याच मोठ्या पावसात शेड पूर्वीसारखीच गळली.

गळतीचे मूळ

याचे कारण असे की आम्ही पत्र्यास दोष दिला. गळत होती ती पत्र्याची भोके व सांधे. पत्रा लोखंडी अँगलास हुकाच्या बोल्टने आवळलेला असतो. बोल्टचे भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडतात, खोलगट भागात पाडीत नाहीत, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. भोकावर डांबरी नमद्याची चकती व तिच्यावर लोखंडी वॉशर असतो. आपल्याकडील उन्हाळ्यात ती चकती वाळून भुगा होते आणि बोल्टच्या कडेने पाणी उतरते. पत्रा पन्नास वर्षे टिकला तरी चकती तितकी टिकत नाही.

दुसरे स्थान सांध्याचे. वरचा पत्रा खालच्यावर निदान दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंच चढलेला असावा लागतो. तेथे पाला व माती साचली की पाणी तुंबून उलटे आत शिरते. बाजूच्या सांध्याचे तोंड पावसाळी वाऱ्याकडे असू नये, यासाठी पत्रे घालण्याची सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून करतात. जेथे हा नियम पाळलेला नसतो तेथे पश्चिमेची झड आत येते. तिसरे स्थान आढ्याचे, आणि चौथे पडलेल्या फांदीने, दगडाने किंवा पावलाने गेलेल्या तड्याचे. आणखी एक भ्रम टाळावा. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगास दव धरून थेंब पडतात. ती गळती नव्हे, तेथे हवा खेळती करणे हाच उपाय.

दुरुस्ती कशी केली

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. भर पावसात शेडमध्ये उभे राहून जेथे जेथे थेंब पडे तेथे खाली खडूने खूण केली आणि त्यावरून प्रत्येक बोल्टचा व सांध्याचा कागदावर नकाशा केला. छत्तीस जागी गळते असे ज्यास वाटत होते, त्यास मोजल्यावर त्याहून पुष्कळ कमी जागा दिसल्या. पाऊस उघडल्यावर या कामाची माहिती असलेला कारागीर बोलावला व मुलांस खालीच ठेवले.

जेवढे काम आतून, पहाड बांधून करता आले तेवढे आतूनच केले. वर जावे लागले तेथे पत्र्यावर पाय न ठेवता अनेक अँगलांवर टेकेल अशी लांब रुंद फळी टाकली, आणि खाली जाळी बांधली. ज्या जागी हात लावायचा ती जागा आधी साबणाच्या पाण्याने बारीक फवारा मारून भिजविली. ब्रश नाही, करवत नाही, नवे भोक नाही, जोराच्या पाण्याचा मारा नाही. एकेक बोल्ट सैल करून जुनी चकती ओल्या फडक्याने उचलली, नवी चकती व वॉशर बसवून बेताने आवळला. फार आवळल्यास पत्रा तडकतो. सांध्यातील गाळ ओला करून काढला व तेथे चिकट रबरी पट्टी बसविली. केसाएवढ्या तड्यांवरही तीच पट्टी लावली. जे पत्रे फार फुटले होते ते तुकडे न करता अखंड उतरविले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले व त्यांच्या जागी ॲस्बेस्टॉस नसलेले पत्रे घातले.

काम करणाऱ्यांच्या तोंडाला साधा रुमाल पुरत नाही; एफएफपी-३ दर्जाचा मुखपट लागतो. कामाचे कपडे घरी नेऊ दिले नाहीत. वापरलेली फडकी व चकत्या पिशवीत बंद केल्या. काढलेले पत्रे हा घातक कचरा होय. तो फोडून रस्त्याच्या खड्ड्यात किंवा विहिरीत टाकू नये, तसेच गोठ्याला आडोसा म्हणून कोणास देऊ नये. प्रदूषण नियंत्रण मंडळास विचारून तो योग्य जागी पोचवावा.

कोणी विचारील, मग ज्याच्या घरावर असा पत्रा आहे त्याने काय आजच तो फेकून द्यावा? तसे नव्हे. धड, न फुटलेला, कोणी न छेडलेला पत्रा सहसा त्रास देत नाही, कारण त्यातील तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. तो कापू नये, घासू नये, फोडू नये. पत्रा जुना असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच समजून वागावे. नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही. पृष्ठभाग झिजून तंतू वर दिसू लागले म्हणजे पत्रा बदलण्याची वेळ आली, आणि त्यासाठी आतापासून दरमहा थोडी रक्कम बाजूस टाकावी. आम्ही आमच्या शेडसाठी तसे आरंभिले आहे.

शेवटी एकच गोष्ट सांगावयाची. या गावची जुनी छपरे मोडली म्हणजे पुन्हा माती होत आणि तीच माती पुढच्या छपरास उपयोगी पडे. ज्याने ‘शाश्वत’ हे नाव धारण केले त्या पत्र्याचा तंतू मात्र मातीत मिळूनही तंतूच राहतो. आपल्या पूर्वजांनी दर मृगापूर्वी छपराकडे पाहण्याचा जो नेम ठेवला होता, तो आपण या पत्र्याच्या भरवशावर सोडून दिला. तो पुन्हा धरिला पाहिजे. छप्पर आपल्याला पावसापासून राखते. त्यावर चढणाऱ्या माणसास राखणे हे आपल्याकडे आहे. पुढील ज्युबिलीच्या वेळी या शेडवर नवे छप्पर असो, आणि त्या रविवारी वर चढलेली ती सर्व मुले, तेव्हा म्हातारी झालेली, निरोगी छातीने त्याच्याखाली बसून गात असोत.